मालदीवमधील शहरीकरण आणि घरांचा प्रश्न

मालदीवच्या २०२२ च्या जनगणनेत देशाची निवासी लोकसंख्या ५ लाख १५ हजारांच्या आसपास भरली. महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम शहरात मावेल एवढीच ही वस्ती. पण ती हिंदी महासागरातल्या सुमारे १,१९० बेटांपैकी १८७ बेटांवर विखुरलेली आहे. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत हा देश आठशे किलोमीटरहून अधिक लांब पसरला आहे. मात्र सगळी कोरडी जमीन एकत्र केली, तर ती ३०० चौरस किलोमीटरच्या आसपासच भरते. देशातली सुमारे ४१ टक्के माणसे राजधानी मालेच्या परिसरात राहतात. त्यांपैकी सव्वा लाखाहून अधिक जण माले या मूळ बेटावरच आहेत, आणि ते बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे आहे. जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या बेटांत त्याची गणना होते.

मालदीव १ जानेवारी २०११ रोजी अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. पर्यटनामुळे दरडोई उत्पन्नात तो दक्षिण आशियात सर्वांत पुढे आहे. तरीही गेली पंधरा-वीस वर्षे तिथल्या प्रत्येक निवडणुकीत घर हा पहिल्या दोन-तीन प्रश्नांपैकी एक राहिला आहे. उत्पन्न वाढत असताना घराची अडचण का वाढत गेली, यावर तिथले नियोजनकार, अर्थतज्ज्ञ, पर्यावरण अभ्यासक आणि राजकीय पक्ष यांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

माले कशी भरत गेली

माले ही सुलतानांची राजधानी. व्यापार, राज्यकारभार आणि परदेशी जहाजांची ये-जा तिथेच होई. बाकीची बेटे मासेमारी आणि नारळावर जगत. १९६५ साली ब्रिटिश संरक्षण संपले, १९६८ साली देश प्रजासत्ताक झाला, आणि १९७२ साली मालेजवळच्या एका निर्जन बेटावर पहिले पर्यटक निवास उघडले. शहरीकरणाचा खरा वेग इथून सुरू होतो. १९७७ साली मालेची लोकसंख्या ३० हजारांच्या घरात होती. २००० साली ती ७४ हजारांवर गेली आणि २००६ साली एक लाख ओलांडून पुढे गेली.

या वाढीमागे पर्यटनातल्या नोकऱ्या असाव्यात असे सहज वाटते. पण पर्यटनाची रचनाच अशी होती की, नोकऱ्या मालेत आल्या नाहीत. एक निर्जन बेट घ्यायचे आणि त्यावर एकच पर्यटक निवास उभारायचा, या धोरणामुळे कामगार बेटावरच्या वसतिगृहात महिनोन्महिने राहत आणि कुटुंब दुसरीकडे. कुटुंब कुठे ठेवायचे, हे मुलांच्या शाळेवर ठरे. माध्यमिक शिक्षण दीर्घकाळ मालेपुरतेच होते. १९२७ साली सुरू झालेली मुलांची मजीदिय्या शाळा आणि १९४४ ची मुलींची अमिनिय्या शाळा या पिढ्यानपिढ्या देशभरातल्या मुलांच्या शाळा राहिल्या. दूरच्या बेटावरची मुले मालेत नातेवाइकांकडे राहून शिकत, आणि त्याबदल्यात घरकामाला हातभार लावत. पुढे आया मुलांबरोबर येऊ लागल्या. भारताच्या मदतीने उभे राहिलेले इंदिरा गांधी स्मारक रुग्णालय १९९० च्या दशकात सुरू झाल्यावर मोठ्या आजारावरचे उपचारही मालेत एकवटले.

शाळा आणि दवाखान्यासाठी आलेले कुटुंब परत जात नाही, कारण धाकट्या मुलाचे शिक्षण संपेपर्यंत थोरल्याला मालेत नोकरी लागलेली असते. मालदीवच्या स्थलांतराचा हा सर्वांत नेमका पैलू आहे, आणि घरांची गरज मोजताना तो सर्वांत जास्त वेळा निसटतो.

बेटावरचे घर आणि मालेतली खोली

दूरच्या बेटांवरचे जुने घर एकमजली असे. प्रवाळाचे दगड आणि चुना यांच्या भिंती, नारळाच्या झावळ्यांचे छप्पर, समोर पांढऱ्या वाळूचे अंगण, झाडाला टांगलेला झोपाळा, मागे भिंतीने वेढलेले पण वर आकाशाला उघडे न्हाणीघर आणि तिथेच विहीर. अंगण आणि समोरचा रस्ता पहाटे झाडून काढणे हे बायकांचे नित्याचे काम. बेट प्रवाळाचे असल्याने पावसाचे गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, आणि हातभर खोल विहिरीत ते मिळते.

मालेत हे सारे संपले. प्रवाळ काढल्याने खडक उद्ध्वस्त होतात, हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात त्यावर निर्बंध आले आणि सिमेंटच्या ठोकळ्यांची बांधकामे सुरू झाली. जमिनीखालचे गोडे पाणी अतिउपशाने खारे झाले, आणि शहर समुद्राच्या पाण्यातून मीठ काढणाऱ्या यंत्रांवर विसंबू लागले. डिसेंबर २०१४ मध्ये त्या प्रकल्पात आग लागली, तेव्हा एक लाखाहून अधिक लोक काही दिवस नळाच्या पाण्याला मुकले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पिण्याचे पाणी पोहोचवले होते.

वडिलोपार्जित भूखंड वारसांत वाटले जाता जाता इतके अरुंद झाले की, इमारतीला वर जाण्यावाचून मार्ग उरला नाही. आज मालेतल्या अनेक इमारतींना एकाच जिन्याची रुंदी दर्शनी बाजूला मिळते. खाली दुकान किंवा मोटारसायकली, वर प्रत्येक मजल्यावर एखाद-दुसरे घर. दोन खोल्यांच्या घरात प्लायवुडचे आडोसे घालून तीन कुटुंबे राहतात, एका भावाची पाळी रात्रीची असेल तर त्याच अंथरुणावर दुसरा झोपतो, अशी वर्णने या विषयावरच्या अहवालांत पुन्हा पुन्हा येतात. मालदीवमधील घटस्फोटाचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांत गणले जाते. बेटावर घटस्फोटित स्त्री मुलांसह आईच्या घरी परतते. मालेत आईच्या घरी तिला द्यायला खोलीच नसते, आणि एक नवे भाडेकरू कुटुंब तयार होते. त्यामुळे लोकसंख्या जेवढी वाढते, त्याहून घरांची मागणी अधिक वेगाने वाढते.

जमीन कोणाची

मालदीवमध्ये जमीन परंपरेने राज्याची. बेटाच्या नोंदणीकृत रहिवाशाला लग्नानंतर किंवा सज्ञान झाल्यावर घरासाठी भूखंड विनामूल्य मिळे, आणि आजही बेटांच्या परिषदा या तत्त्वावर भूखंड देतात. हक्क नोंदणीशी बांधलेला आहे, प्रत्यक्ष राहण्याशी नाही. मालेत वाटण्यासारखी जमीन जेव्हा संपली, तेव्हा या व्यवस्थेतून तीन वर्ग तयार झाले. पहिला, ज्यांच्या पूर्वजांना मालेत भूखंड मिळाले होते त्यांचा. २००२ च्या जमीन कायद्याने खरेदी-विक्री आणि गहाणाला वाट मिळाल्यावर त्यांचे भूखंड भाड्याचे मोठे साधन बनले. दुसरा, बेटांवरून आलेल्यांचा. ते तीस-तीस वर्षे मालेत राहूनही कागदोपत्री मूळ बेटाचे राहिले आणि मालेतल्या वाटपाला पात्र ठरले नाहीत. तिसरा वर्ग या दोघांपेक्षा विलक्षण आहे : जन्माने आणि पिढ्यांनी मालेचे असूनही ज्यांचे नाव कोणत्याच घरावर नाही, जे पालिकेच्या वेगळ्या दप्तरात नोंदले गेले आहेत. त्यांना जाण्यासाठी दुसरे बेटही नाही.

सरकारी गृहयोजनांत कोणाला आधी घर द्यावे हा वाद या तीन वर्गांभोवतीच फिरतो. मालेच्या मूळ रहिवाशांचा युक्तिवाद असा की, प्रत्येक बेट आपल्या लोकांना जमीन देते, मग मालेनेही आधी आपल्यांना द्यावी. बेटांवरून आलेल्यांचे म्हणणे असे की, देशाचे पैसे, शाळा आणि रुग्णालये मालेत ठेवून लोकांना इथे यायला राज्यानेच भाग पाडले. पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात घालवणाऱ्याला नोंदणीच्या कारणाने वगळणे अन्यायाचे आहे. दोन्ही बाजूंना समानतेचाच आधार आहे, म्हणून हा वाद गुणांकन पद्धतीत बदल करून मिटत नाही. गुण वास्तव्याच्या वर्षांना द्यावेत, की मुलांच्या संख्येला, की उत्पन्नाला, यावर दर योजनेत नव्याने तक्रारी येतात आणि याद्या न्यायालयापर्यंत जातात.

समुद्रात भर

मालेचे मूळ बेट आजच्या निम्म्याएवढेच होते. १९७० आणि ८० च्या दशकांत भोवतालच्या उथळ पाण्यात प्रवाळकड्यापर्यंत भर घातली गेली, आणि बेटाला वाढायला जागा उरली नाही. एप्रिल १९८७ मध्ये दूरच्या वादळातून आलेल्या लाटांनी याच भरावाच्या भागात पाणी घातले. त्यानंतर जपानच्या मदतीने काँक्रीटच्या टेट्रापॉडची संरक्षक भिंत शहराभोवती टप्प्याटप्प्याने उभी राहिली. २००४ च्या त्सुनामीत मालेची हानी मर्यादित राहिली, याचे श्रेय या भिंतीला दिले जाते.

शेजारचे विलिंगिली बेट १९९० च्या दशकात वस्तीसाठी घेण्यात आले, पण ते लहान होते. १९९७ मध्ये विमानतळाच्या बेटाला लागून असलेल्या उथळ समुद्रात नवे बेट घडवायला सुरुवात झाली. तळातली वाळू शोषून घेऊन भराव तयार केला जातो आणि तो समुद्रसपाटीपासून सुमारे दोन मीटर उंच ठेवला जातो. देशातली ८० टक्के जमीन एक मीटरहूनही सखल आहे, हे लक्षात घेतले तर या दोन मीटरांचे महत्त्व कळते. हुलुमाले या नावाच्या या बेटावर २००४ साली पहिली वस्ती झाली. २०१५ साली दुसऱ्या टप्प्याचा भराव झाला आणि एकूण आराखडा २ लाख ४० हजार लोकांचा ठरला. ऑगस्ट २०१८ मध्ये चीनच्या मदतीने बांधलेला पूल खुला झाल्यावर बोटीने जाण्याचे अंतर मोटारसायकलच्या काही मिनिटांवर आले. २०२२ च्या जनगणनेत हुलुमालेत ६५ हजारांवर लोक होते.

दुसऱ्या टप्प्यातला सर्वांत ठळक प्रकल्प म्हणजे २५ मजल्यांच्या १६ मनोऱ्यांतल्या ७,००० सदनिका. चिनी कंपनीने त्या बांधल्या आणि २०२० नंतर त्यांचे वाटप झाले. भारताच्या निर्यात-आयात बँकेच्या कर्जातून आणखी ४,००० सदनिकांचे काम दोन भारतीय कंपन्यांकडे गेले. माले ते थिलाफुशी ही बेटे जोडणारा पावणेसात किलोमीटरचा पूल भारताच्या अनुदान व कर्जातून होत असून त्याचे कंत्राट मुंबईच्या अफकॉन्सकडे आहे. त्या मार्गावरच्या गुल्हीफाल्हू इथेही भराव घालून भूखंड देण्याची योजना आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या सरकारने रासमाले या, एक हजार हेक्टरांहून मोठ्या आणि समुद्रसपाटीपासून तीन मीटर उंच बेटाची घोषणा केली.

एकवटावे की विखरावे

या सगळ्याच्या मुळाशी एक जुना वाद आहे. घर कुठे बांधायचे हे ठरल्याशिवाय किती बांधायची हे ठरत नाही, आणि कुठे याचे उत्तर गेल्या तीस वर्षांत सरकार बदलले की बदलले आहे.

एकवटण्याच्या बाजूचा आधार खर्चाचा आहे. देशातल्या कित्येक वस्त्या हजार माणसांहून लहान आहेत. प्रत्येक बेटावर शाळा, दवाखाना, बंदर, वीजनिर्मिती संच, सांडपाण्याची व्यवस्था आणि किनाऱ्याची भिंत द्यायची, तर दरडोई खर्च अवाढव्य होतो. शिवाय दोनशे मुलांच्या शाळेत विज्ञानाचा प्रशिक्षित शिक्षक टिकत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लोकसंख्या आणि विकास एकत्र आणण्याचे धोरण याच विचारातून पुढे आले : प्रत्येक विभागात काही बेटे निवडून तिथे सोयी वाढवायच्या आणि लहान बेटांवरच्या लोकांना स्वेच्छेने तिथे येण्यास उत्तेजन द्यायचे. २०१३ ते २०१८ या काळातल्या सरकारने तोच विचार टोकाला नेला. बहुसंख्य जनता बृहत् मालेत वसवावी आणि हुलुमाले हे तरुणांचे शहर व्हावे, अशी दिशा त्याने घेतली.

विखुरण्याच्या बाजूचे लोक हिशेबाची चौकटच नाकारतात. मालेतल्या गर्दीचा खर्च भाडे, आजारपण, अमली पदार्थ आणि मोडलेली कुटुंबे या रूपाने घरोघरी भरला जातो. तो अर्थसंकल्पात दिसत नाही, म्हणून मालेतली सोय स्वस्त भासते, असे त्यांचे म्हणणे आहे. २००८ च्या पहिल्या बहुपक्षीय निवडणुकीत निवडून आलेल्या सरकारच्या पाच आश्वासनांत परवडणारे घर आणि देशभर वाहतुकीचे जाळे ही दोन होती, आणि ती एकमेकांशी जोडलेली होती : बोट नियमित मिळाली तर माणूस आपल्या बेटावर राहून शेजारच्या बेटावर कामाला जाऊ शकतो. २०१० च्या विकेंद्रीकरण कायद्याने बेटांना निवडून आलेल्या परिषदा मिळाल्या. याच सुमारास स्थानिक वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे उघडायला परवानगी मिळाली, आणि मालेच्या दक्षिणेचे माफुशी काही वर्षांतच मासेमारीच्या गावातून पर्यटनाच्या गावात बदलले. कुटुंबाजवळ राहून पर्यटनातून कमावता येते, हे तिथे पहिल्यांदा दिसले. अर्थात तिथेही जागेची भाडी वाढली आणि परदेशी कामगार आले, हे त्याच अनुभवाचे दुसरे अंग.

या वादात २००४ च्या त्सुनामीनंतरचे पुनर्वसन हा सर्वांत मोठा पुरावा आहे. त्सुनामीत ८२ जणांचा मृत्यू झाला, २६ बेपत्ता झाले आणि नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे ६२ टक्के भरले. रा विभागातले कंधोल्हुधू हे दाटीचे मासेमारी बेट राहण्यालायक उरले नाही. तिथली तीन-साडेतीन हजार माणसे आसपासच्या बेटांवर तात्पुरत्या निवाऱ्यांत विखुरली, आणि चार वर्षांनी रेडक्रॉसने धुवाफारू या निर्जन बेटावर बांधलेल्या सुमारे ६०० घरांत एकत्र आली. था विभागातल्या विलुफुशीचे लोक शेजारच्या बेटावर थांबले. त्यांचे बेट भर घालून उंच आणि मोठे करण्यात आले, मग ते परतले. उत्तरेकडे फरिधू, कुनबुरुधू आणि मावायधू या लहान वस्त्या नोल्हिवारनफारू इथे हलल्या. या तिन्ही उदाहरणांत गाव एकत्र हलले, शेजार टिकला, आणि होडी लावायला जागा मिळाली. एकवटण्याचे समर्थक म्हणतात, की बेट सोडायला लोक तयार असतात, हे यातून सिद्ध झाले. टीकाकारांचे उत्तर असे, की लोक संकटानंतर आणि गावासकट हलले. एकेकटे कुटुंब पंचवीस मजली इमारतीत हलवण्याशी त्याची तुलना होत नाही. उपलब्ध अनुभव टीकाकारांच्या बाजूने अधिक झुकतो, कारण यजमान बेटावर आधीच वस्ती असेल तिथे जमिनीवरून आणि परिषदेतल्या वाट्यावरून तणाव राहिल्याचे अनेकांनी नोंदवले आहे.

दरम्यान अड्डू, फुवाहमुला, कुल्हुधुफुशी आणि थिनाधू यांना शहराचा दर्जा मिळाला आहे. प्रादेशिक विमानतळ वाढले, उत्तरेत जलद बोटसेवा सुरू झाली. मात्र तज्ज्ञ डॉक्टर, विद्यापीठीय शिक्षण आणि मंत्रालये मालेतच आहेत, आणि मालेतल्या प्रत्येक नव्या घरासोबत तिथे राहण्याचे एक कारण वाढते. हुलुमालेने मालेची गर्दी किती हलकी केली आणि किती नवी गर्दी ओढून आणली, याचे ठाम उत्तर अजून कोणत्याही बाजूला देता आलेले नाही.

भरावाची पर्यावरणीय किंमत

भरावासाठी वाळू उपसली की गाळ पाण्यात पसरतो, प्रवाळावर बसतो आणि त्याला गुदमरवतो. प्रवाळकडा हाच बेटाचा नैसर्गिक बांध आणि मासेमारीचा आधार असल्याने नुकसान पुन्हा वस्तीवरच येते. गुल्हीफाल्हूच्या कामात जवळच्या संरक्षित सागरी क्षेत्राला धोका असल्याचा आक्षेप घेतला गेला. अड्डूतल्या भरावाविरुद्धही स्थानिक संघटनांनी आवाज उठवला.

कुल्हुधुफुशीचे उदाहरण घरांच्या प्रश्नाला थेट जोडलेले नाही, पण नेहमी पुढे येते. तिथल्या खारफुटीच्या दलदलीत बायका नारळाची सोडणे महिनोन्महिने चिखलात पुरून ठेवत, मग काढून दांडक्यांनी झोडपून काथ्या वळत. २०१७ मध्ये विमानतळासाठी त्या पाणथळीच्या मोठ्या भागावर भर पडली. सोडणे पुरण्याची ही जागा हाच त्या बायकांचा कारखाना होता. ह्यूमन राइट्स वॉचने २०२३ मध्ये अशा भरावांचा स्थानिकांवर होणारा परिणाम मांडताना पर्यावरणीय आघात मूल्यांकन कागदोपत्री उरकले जाते, असा आक्षेप नोंदवला.

भरावाच्या समर्थकांचा प्रतिवादही दुबळा नाही. ज्या देशात कोरडी जमीन मुळातच नाही, तिथे भराव नको म्हणणे म्हणजे मालेतल्या भाडेकरूला आहे तिथेच राहा म्हणणे आहे; शिवाय नवे उंच बेट जुन्या सखल बेटापेक्षा सुरक्षित असते. वाद भराव असावा की नाही असा क्वचितच होतो. किती बेटे, कोणत्या ठिकाणी आणि कोणाच्या संमतीने, हा त्याचा खरा गाभा आहे.

पैसा आणि भाडे

नव्या बेटांचा आणि मनोऱ्यांचा खर्च बहुतांशी परदेशी कर्जातून झाला. हुलुमाले विकसित करणाऱ्या सरकारी महामंडळाच्या कर्जांना राज्याची हमी आहे. सार्वजनिक कर्ज वार्षिक उत्पन्नाहून मोठे झाले असून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने कर्जसंकटाचा धोका मोठा असल्याचा इशारा दिला आहे. त्यामुळे भाडे ठरवताना दोन टोके ताणली जातात. कर्ज फेडायचे तर भाडे खर्चाच्या जवळ हवे. पण शाळेतला शिक्षक किंवा परिचारिका यांना ते परवडत नसेल, तर योजना कोणासाठी होती असा प्रश्न उभा राहतो. सात हजार सदनिकांचे भाडे आणि देखभाल शुल्क यांवरून हाच वाद झाला.

दुसरा मार्ग भूखंडांचा. सरकार जमीन देईल, घर कुटुंबाने बांधावे, ही बेटांवरची जुनी रीत आहे आणि लोकांना ती आवडते. पण बांधकामाचे जवळजवळ सारे सामान आयात होते, गृहकर्ज महाग आणि मर्यादित आहे. भूखंड मिळाल्यावर मधल्या काळात कुटुंब भाड्यानेच राहते. शिवाय दाट शहरात स्वतंत्र भूखंड वाटणे म्हणजे दुर्मीळ जमीन थोड्यांना देणे, असे नियोजनकारांचे मत आहे. खासगी भाडेबाजाराचे नियमन हा तिसरा मार्ग सर्वांत कमी चर्चिला जातो. मतदारांतले अनेक जण भाडेकरू आहेत हे खरे. पण मालेतली अनेक जुनी कुटुंबे भाड्यावर जगतात, आणि दोन्ही गट एकाच लहान बेटावर मतदान करतात.

मोजणीबाहेरचे रहिवासी

घरांच्या गरजेचे बहुतेक आकडे मालदीवच्या नागरिकांपुरते असतात. निवासी लोकसंख्येत मात्र परदेशी रहिवासी सुमारे १ लाख ३२ हजार, म्हणजे चौथा हिस्सा आहेत. बांगलादेशी कामगार त्यांत सर्वाधिक, भारतीयही लक्षणीय. हुलुमालेचे मनोरे उभे करणारे, हॉटेलांत भांडी घासणारे, बोटींवर सामान चढवणारे हे लोक गोदामांच्या वरच्या खोल्यांत, तळमजल्यावरच्या खिडकीविना जागांत, एकावर एक लोखंडी खाटा लावून राहतात. २०२० मध्ये कोविडचा संसर्ग मालेत पसरला, तेव्हा या दाटीने त्याला वेग दिला. १० नोव्हेंबर २०२२ रोजी मालेतल्या एका वाहनदुरुस्ती गॅरेजच्या वरच्या निवाऱ्याला आग लागून १० स्थलांतरित कामगार मेले. त्यांत भारतीय होते.

या लोकांसाठी निवास कोणी बांधावा, मालकाने की राज्याने, यावर धोरण स्पष्ट नाही. नियोक्त्यावर जबाबदारी टाकणारे नियम आहेत, पण कागदपत्रांविना राहणारे कामगार मोठ्या संख्येने असल्याने तपासणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. या आढाव्यात ही गोष्ट शेवटाकडे येते, याचे कारण या विषयावरच्या लिखाणातही ती शेवटीच येते. खरे तर गरज निवाऱ्याने मोजायची, तर तिची सुरुवात या खोल्यांपासून व्हायला हवी.

समुद्र आणि काळ

समुद्रपातळीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि गृहनिर्माणावर त्यांचा थेट परिणाम होतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासाने लाटा वारंवार आत येऊन गोडे पाणी खारे होईल आणि बरीच प्रवाळबेटे या शतकाच्या मध्यापर्यंत राहण्यायोग्य उरणार नाहीत, असा अंदाज मांडला. भूरूपशास्त्रज्ञ पॉल केंच आणि त्यांचे सहकारी वेगळे निरीक्षण मांडतात : नैसर्गिक बेटे निश्चल नसतात, लाटा प्रवाळवाळू आणून टाकतात, बेटे सरकतात आणि काही वाढतातही. मात्र हे घडण्यासाठी प्रवाळकडा जिवंत आणि किनारा मोकळा लागतो. भिंत बांधलेले, भर घातलेले बेट वाळू स्वीकारत नाही. त्याला दर काही दशकांनी माणसानेच उंच करावे लागते.

घर पन्नास-साठ वर्षांसाठी बांधले जाते. हुलुमालेची दोन मीटरची उंची किती दशके पुरेल, नंतर वस्ती असलेले बेट उंच कसे करायचे, आणि तोवर उरलेल्या १८० बेटांपैकी किती बेटांना भिंत परवडेल, हे प्रश्न गृहयोजनांच्या आकड्यांत धरलेले नाहीत. काही तज्ज्ञ निवडक उंच बेटांवर वस्ती नेणे अटळ मानतात. इतरांच्या मते बेटांचे नैसर्गिक चलन सांभाळणारी हलकी, विखुरलेली वस्ती अधिक टिकाऊ ठरेल. दोन्ही मतांना आधार देणारी निरीक्षणे अजून अपुरी आहेत, आणि दर पाच वर्षांनी येणाऱ्या निवडणुकीपूर्वी नव्या सदनिकांचे व भूखंडांचे वाटप मात्र चालू राहते.